सांतियागोच्या कॅथेड्रलचा जीर्णोद्धार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनमधली कामिनोची, म्हणजे सांतियागोला जाणाऱ्या पायी यात्रेची वाट मी दोनदा चालले. पहिल्यांदा मे २०१९ मध्ये पोचले, तेव्हा कॅथेड्रलच्या आत सगळीकडे परांच्या होत्या. वेदी झाकलेली होती आणि धुळीचा वास येत होता. दुसऱ्यांदा ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. तेव्हापासून चालायला निघालेली, चालून आलेली आणि नुसती वाचून कुतूहल वाटलेली मंडळी मला सतत प्रश्न पाठवतात. बूट कोणते, सॅक किती किलोची, यांची उत्तरं मी इतरत्र दिली आहेत. इथे फक्त कॅथेड्रल आणि त्याच्या जीर्णोद्धाराचे प्रश्न एकत्र केले आहेत.

१. हे कॅथेड्रल नेमकं कुठे आहे आणि यात्रेशी त्याचा संबंध काय?

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया नावाचा प्रांत आहे. त्याची राजधानी सांतियागो दे कोम्पोस्तेला. मराठी बायबलमध्ये ज्याला याकोब म्हणतात, तो येशूचा शिष्य म्हणजे स्पॅनिश लोकांचा सांतियागो. त्याची कबर इथे आहे अशी श्रद्धा आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बिशप तेओदोमिरो यांना ही कबर सापडली असं परंपरा सांगते. राजा दुसरा अल्फोन्सो याने तिथे पहिलं छोटं चर्च बांधलं आणि तेव्हापासून लोक चालत येऊ लागले. युरोपभरातून येणाऱ्या अनेक वाटा इथे मिळतात, जशा आळंदी, देहू, पैठण, त्र्यंबकेश्वर इथल्या पालख्या पंढरपूरकडे येतात. सर्वांत प्रसिद्ध वाट फ्रान्सच्या सीमेवरून निघते, ती साधारण ७८० किलोमीटरची आहे. २०२४ मध्ये जवळपास ५ लाख लोकांनी यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र घेतलं.

२. आज दिसते ती इमारत किती जुनी आहे?

एका काळातली नाही, आणि जीर्णोद्धार अवघड होण्याचं पहिलं कारण हेच. आधीचं चर्च ९९७ मध्ये अल्मान्सोरने, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मुस्लिम राज्याच्या सेनापतीने उद्ध्वस्त केलं. चर्चच्या घंटा कोर्दोबाला नेल्या गेल्या आणि १२३६ मध्ये परत आल्या. आताच्या रोमनेस्क (जाड भिंती आणि गोल कमानींची मध्ययुगीन शैली) कॅथेड्रलचं काम १०७५ मध्ये सुरू झालं आणि १२११ मध्ये त्याचं अभिमंत्रण झालं. त्यावर सतराव्या आणि अठराव्या शतकांत बरोक शैलीचा साज चढला: घड्याळाचा मनोरा, वेदीवरचं सोनेरी छत्र, आणि चौकाकडचा भव्य दर्शनी भाग. दर्शनी भाग फेर्नांदो दे कासास नोवोआ यांनी १७३८ मध्ये सुरू केला आणि तो १७५० मध्ये पुरा झाला. म्हणजे बाहेरून दिसतं ते बरोक, आणि आत पाऊल टाकलं की सहाशे वर्षं मागे जातो. आतला सांगाडा एका काळाचा, वरचा भार दुसऱ्या काळाचा.

३. जीर्णोद्धार कधी सुरू झाला आणि कधी संपला?

एकच एक काम नव्हतं. पोर्तिको दे ला ग्लोरिया या शिल्पांच्या द्वारमंडपाचा अभ्यास २००६ च्या सुमारास सुरू झाला आणि जुलै २०१८ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. दरम्यानच्या काळात मनोरे, दर्शनी भाग आणि छतं हाती घेतली गेली. २०१९ आणि २०२० ही दोन वर्षं आतल्या कामाची. ३१ डिसेंबर २०२० ला पवित्र वर्षाचं दार उघडायचं होतं (प्रश्न १४ पाहा), त्यामुळे ती तारीख सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि दार ठरल्या दिवशी उघडलं.

४. एवढं दगडी बांधकाम. ग्रॅनाइटला काय होणार? बिघडलं तरी काय होतं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि मला तो आवडतो, कारण या सगळ्या कथेतला खलनायक त्यात दडलेला आहे: पाणी.

सांतियागोला वर्षाला साधारण १८०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि मग भिंती आठ महिने वाळतात. तिथला पाऊस बारीक असतो आणि वर्षभर कधीही येतो. भिंतीला पूर्ण वाळायला उसंतच मिळत नाही.

ग्रॅनाइट टणक खरा, पण इमारत म्हणजे दगड अधिक दगडांमधले सांधे. सांध्यातला चुना झिजला की पाणी आत शिरतं. त्यात माती साचते, बी पडतं, रोप रुजतं, मुळं सांधा आणखी रुंद करतात. मनोऱ्यांवर अशी झाडोऱ्याची हिरवळ उगवली होती. दगड एकमेकांना जखडायला घातलेल्या लोखंडी कांबींचा त्रास वेगळाच. लोखंड गंजलं की फुगतं आणि आतून ग्रॅनाइटचा टवका उडवतं. आपल्याकडे स्लॅबची सळई गंजून सिमेंट फुटतं तो प्रकार डोळ्यांसमोर आणा.

बाहेरून शिरलेलं पाणी मग आत झिरपलं. दर्शनी भागाच्या बरोबर मागे पोर्तिको आहे. मनोऱ्यांतून आणि छतातून आलेली ओल थेट शिल्पांपर्यंत पोचली. पाणी येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक वाढतात. त्याच्या रेट्याने दगडाची आणि रंगाची पापुद्र्यासारखी साल निघते. आपण त्याला भिंतीला लोणा लागला म्हणतो. तोच लोणा, पण बाराव्या शतकातल्या संदेष्ट्याच्या चेहऱ्यावर.

यात भर म्हणजे विसाव्या शतकात काही ठिकाणी सिमेंटने सांधे भरले गेले. हेतू चांगला होता. पण सिमेंट ओल कोंडून धरतं आणि स्वतःचे क्षारही देतं. म्हणून जुना दगड दुरुस्त करताना पहिली पायरी बहुतेक वेळा आधीची दुरुस्ती काढणं ही असते. आपल्या जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या बाबतीतही मी हेच सांगत आले आहे: चुन्याच्या कामात सिमेंट घालू नका.

५. पोर्तिको दे ला ग्लोरियाचं एवढं कौतुक का?

माएस्त्रो मातेओ या स्थपतीने घडवलेला हा तीन कमानींचा प्रवेशमंडप आहे. ११६८ मध्ये राजा दुसरा फेर्नांदो याने त्याला आयुष्यभराचं वेतन बांधून दिलं आणि ११८८ मध्ये दाराच्या तुळया बसवल्या, हे तिथल्याच कोरीव लेखात आहे. दोनशेहून अधिक आकृत्या आहेत. मधल्या कमानीत जखमा दाखवणारा ख्रिस्त, आणि त्याच्या वर अर्धवर्तुळात बसलेले, बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकातले चोवीस वडील. त्यांच्या हातांत वाद्यं आहेत, आणि बरेच जण ती अजून वाजवत नाहीत, लावत आहेत. मैफलीच्या आधीची ती खुंट्या पिळण्याची, शेजाऱ्याशी कुजबुजण्याची घटका दगडात धरली आहे. मध्यभागी दोघांनी मिळून वाजवायचं एक लांबट वाद्य आहे, एक दांडा फिरवतो आणि दुसरा स्वर दाबतो.

डावीकडच्या खांबांवर मोशे, यशया, दानीएल, यिर्मया हे बायबलमधले संदेष्टे उभे आहेत. त्यातला दानीएल हसतो. ओठ बंद ठेवून मंद हसू नाही, गाल वर आलेत असं मोकळं हसू. त्या काळच्या शिल्पात असं हसू क्वचितच सापडतं. गटासाठी दिलेल्या वेळातला निम्मा वेळ मी त्याच्यासमोर घालवला, याची मला जराही हळहळ नाही.

६. पोर्तिकोला नवा रंग दिला का? फोटोत निळा आणि सोनेरी दिसतो.

नाही. एक ठिपकाही नवा रंगवलेला नाही, आणि या कामातली मला सर्वांत पटलेली गोष्ट हीच.

मध्ययुगातली ही शिल्पं सुरुवातीपासूनच रंगीत होती. आपण जुनं शिल्प म्हणजे उघडा करडा दगड असं धरून चालतो, पण त्या काळी रंग नसलेलं शिल्प अर्धवट समजलं जाई. मातेओच्या काळातल्या रंगात लाजवर्दी निळा आहे, म्हणजे अफगाणिस्तानच्या खाणीतून युरोपच्या पार पश्चिम टोकाला पोचलेला खनिज रंग. त्यावर सोन्याचा वर्ख आहे. सोळाव्या शतकात पुन्हा रंगकाम झालं, सतराव्या शतकात आणखी एकदा. म्हणजे किमान तीन मोठे थर एकमेकांवर, आणि प्रत्येक थर जागोजागी सुटलेला.

आता विचार करा की तुमच्या हातात पाती आहे. वरची काजळी आणि क्षार काढायचे आहेत. त्याखाली सतराव्या शतकातला रंग आहे, त्याखाली सोळाव्यातला, त्याखाली मातेओचा. तीनही खरे. कोणता ठेवायचा? एका काळाची निवड करून बाकीचे खरवडून टाकणं सोपं होतं, आणि जुन्या काळात असंच करत. इथे जे जिथे उरलं आहे ते तिथेच ठेवलं. सुटू लागलेले पापुद्रे मागून चिकटवले, पृष्ठभागावरची घाण लेसर, द्रावणं आणि शस्त्रक्रियेच्या पात्यांनी काढली, अयोग्य सिमेंट काढलं. जिथे रंग गेला आहे तिथे दगड उघडा ठेवला. त्यामुळे एकाच झग्यावर एका घडीत निळा, शेजारच्या घडीत वेलबुट्टीचं सोनं आणि पुढे नुसता ग्रॅनाइट असं दिसतं. पहिल्या क्षणी ते अपुरं वाटतं. डोळा रुळला की आठशे वर्षं एकाच वेळी दिसू लागतात.

या एका मंडपावर ५०,००० तासांहून जास्त काम झालं. काही वाचक विचारतात की संगणकावर मूळ रंग दाखवता येतात, मग प्रत्यक्षात का भरू नयेत? कारण संगणकावरचा रंग चुकला तर पुसता येतो.

७. लंडनला राहतो. तिथल्या संग्रहालयात हाच पोर्तिको पाहिला असं वाटतं. कसं शक्य आहे?

बरोबर पाहिलंत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याची पूर्ण आकाराची प्लास्टरची प्रतिकृती आहे. १८६६ मध्ये दोमेनिको ब्रुच्चानी यांनी जागेवर साचे घेऊन ती केली. साचे घेताना मूळ रंगांना इजा झाली. तरीही ती प्रतिकृती जरूर पाहा. तिथे फोटो काढता येतात आणि हवा तेवढा वेळ थांबता येतं, त्यामुळे सांतियागोला जाण्याआधीचा अभ्यास तिथे उत्तम होतो.

८. माझ्या काकांनी वीस वर्षांपूर्वी तिथल्या खांबाला हात लावला होता. आम्हाला का लावू देत नाहीत?

मधल्या खांबावर इशायाचा, म्हणजे येशूच्या एका पूर्वजाचा वंशवृक्ष कोरला आहे आणि वर याकोब बसलेला आहे. चालून आलेला यात्रेकरू त्या खांबावर उजवा हात टेकून कृतज्ञता व्यक्त करी. शतकानुशतकं एकाच जागी हात पडून संगमरवरात पाच बोटांचे पाच खळगे झाले आहेत. खांबाच्या मागे गुडघे टेकलेली एक मूर्ती आहे. ती स्वतः मातेओची असं मानतात. तिच्या डोक्याला डोकं टेकवलं की बुद्धी येते अशी समजूत, म्हणून विद्यार्थी परीक्षेआधी येत.

आता दोन्ही बंद आहे. काम सुरू झाल्यावर कठडे आले आणि काम संपल्यावरही स्पर्शाला परवानगी मिळाली नाही. २०१९ मध्ये आमच्या हातातलं एक जुनं मार्गदर्शक पुस्तक अजून "खांबावर हात ठेवा" असं सांगत होतं. आमच्या सोबतच्या सत्तरीच्या एका बाईंनी त्यासाठी महिनाभर चालताना उजव्या हाताचा मोजा काढून ठेवला होता. त्यांचा उतरलेला चेहरा मी विसरलेले नाही.

मराठी माणसाला हे दुःख समजावून सांगायला नको. विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायला मिळणं म्हणजे काय, आणि रोजच्या हजारो स्पर्शांनी मूर्ती झिजते म्हणून वज्रलेप करावा लागणं म्हणजे काय, दोन्ही आपण पाहिलं आहे. २०२४ मध्ये पंढरपूरच्या गाभाऱ्याचं काम चालू होतं, तेव्हा १५ मार्चपासून २ जूनपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद होतं. लोकांनी मुखदर्शनावर समाधान मानलं. तिथे पायांवर पुन्हा डोकं ठेवता आलं. सांतियागोच्या खांबाबाबत तसं झालं नाही.

माझं मत विचारलंत तर बंदी योग्य आहे, आणि ती मला लागते. वर्षाला ५ लाख तळवे त्या खळग्यांत पडले तर आणखी शंभर वर्षांनी तिथे बोटांची खूणही उरणार नाही. ते खळगे म्हणजे आपल्या आधी आलेल्यांचे हात आहेत. ते पुसले जाऊ नयेत म्हणून माझा हात मागे घ्यायला मी तयार आहे. याकोबाच्या मूर्तीला मिठी मारण्याची प्रथा मात्र अजून आहे, त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

९. समोरचा चौक आणि दर्शनी भाग वेगळाच दिसतो. दगड बदलला का?

दगड तोच आहे. पूर्वीच्या फोटोंत जो पिवळट-हिरवा ताव दिसतो तो बराचसा दगडफूल, शेवाळ आणि झाडोरा यांचा होता. ते काढल्यावर ग्रॅनाइट उजळ दिसू लागला. सांधे नव्याने भरले, गंजक्या कांबींवर उपाय झाले, शिल्पं घट्ट केली.

या चौकाचं नाव ओब्रादोइरो. गॅलिशियन भाषेत त्याचा अर्थ कारागिरांचं कामाचं ठिकाण. कॅथेड्रल घडवणारे पाथरवट इथेच बसून दगड घडवत, म्हणून हे नाव. स्पेनचं १, २ किंवा ५ सेंटचं नाणं हाताशी असेल तर उलटून पाहा, त्यावर हाच दर्शनी भाग आहे. दर्शनी भागाच्या मधोमध मोठ्या काचा आहेत, त्या मागच्या पोर्तिकोवर उजेड पडावा म्हणून.

१०. छतावर जाता येतं असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, मार्गदर्शकासोबत आणि वेगळं तिकीट काढून. छत ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचं आहे. गंमत म्हणून चढायला केलेल्या पायऱ्या नाहीत त्या. एकेका थरावरून पाणी खाली उतरावं अशी ती रचना आहे. फरशांमधले सांधे उघडले की मात्र याच पायऱ्यांवर पाणी थांबतं आणि खालच्या कमानींत उतरतं. म्हणून छताचं काम आतल्या कामाच्या आधी होणं गरजेचं होतं.

वर कोकऱ्यावर उभा असलेला एक धातूचा क्रूस आहे, फाटक्या कपड्यांचा क्रूस असं त्याचं नाव. पूर्वी यात्रेकरू महिनोन्‌महिने अंगावर वागवलेले कपडे तिथे जाळत. घंटा वाजवणाऱ्याचं कुटुंब तर या छतावरच घर करून राहत होतं, अगदी १९६० च्या दशकापर्यंत. कोंबड्याही होत्या. पाऊस असेल तर दगड निसरडे होतात, रबरी तळव्याचे बूट घाला.

११. कामाच्या काळात चालून पोचलेल्यांचं काय झालं? एवढं चालून दार बंद?

दार बंद नव्हतं. जानेवारी २०१९ अखेरपासून कॅथेड्रलमधली प्रार्थना थांबली, आणि यात्रेकरूंची मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) जवळच्या सान फ्रान्सिस्को वगैरे चर्चमध्ये होऊ लागली. आत जाऊन कबरीचं दर्शन घेता येत होतं. मी त्याच काळात पोचले. वेदीभोवती प्लॅस्टिकचे पडदे, वर कुठेतरी दगडावर छिन्नीचा टक टक आवाज, आणि खाली रांगेत पाय लंगडत उभे असलेले आम्ही. वाईट वाटलं, खोटं बोलणार नाही. पण त्या टकटकीत काहीतरी होतं. मातेओच्या काळी पोचलेल्या यात्रेकरूने नेमका हाच आवाज ऐकला असेल.

१२. पैसा कुणी दिला?

पोर्तिकोचा सुमारे ६० लाख युरोंचा खर्च मुख्यतः बारिए फाउंडेशन या गॅलिसियातल्या खासगी संस्थेने उचलला. बाकीच्या कामांत केंद्र सरकार, गॅलिसियाचं प्रांतिक सरकार, शहराचा संयुक्त निधी आणि कॅथेड्रलची स्वतःची संस्था अशी वाटणी होती. जुनं शहर १९८५ पासून आणि फ्रान्सकडून येणारी स्पेनमधली वाट १९९३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, पण यादीत नाव आलं म्हणजे पैसे आले असं होत नाही. आपल्या किल्ल्यांच्या बाबतीतही हा गैरसमज फार आहे.

१३. कॅथेड्रलमध्ये प्रवेश फुकट, मग पोर्तिकोला तिकीट आणि फोटोबंदी का? आणि बोताफुमेइरो कधी झुलतो?

कॅथेड्रलला तिकीट नाही. मोठी सॅक आत नेता येत नाही, ती बाहेर ठेवायची सोय शहरात आहे. प्रवेश प्लातेरियास चौकाच्या बाजूने. पोर्तिको मात्र आता बंदिस्त आणि नियंत्रित हवेत ठेवला आहे. माणसाच्या श्वासात आणि ओल्या जॅकेटात बाष्प असतं. ते वाढलं की प्रश्न ४ मधला क्षारांचा खेळ पुन्हा सुरू होतो. म्हणून लहान गट, ठरावीक वेळ, आगाऊ नोंदणी. गर्दीच्या महिन्यांत काही दिवस आधी नोंदणी केली नाही तर जागा मिळत नाही.

बोताफुमेइरो म्हणजे ५३ किलोचं, दीड मीटरहून उंच धूपपात्र. आठ जण दोर ओढून ते छताच्या उंचीपर्यंत झुलवतात. आताचं पात्र १८५१ मधलं आहे, आधीचं नेपोलियनच्या सैन्याने नेलं. काम चालू असताना ते झुलत नव्हतं. आता ठरलेल्या सणांना झुलतं, उदाहरणार्थ ईस्टर, २५ जुलै, १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर, नाताळ. एरवी एखाद्या गटाने देणगी देऊन विनंती केली तरच. त्यामुळे दुपारी १२ च्या मिस्सेला गेलात आणि दिसलं नाही तर ते बिघडलेलं नसतं.

१४. २०२७ मध्ये यावं की टाळावं?

२५ जुलै हा याकोबाचा सण. तो रविवारी आला की ते पवित्र वर्ष. हे ६, ५, ६, ११ वर्षांच्या अंतराने येतं. २०२१ चं वर्ष महासाथीमुळे पोप फ्रान्सिस यांनी २०२२ अखेरपर्यंत वाढवलं होतं. पुढचं २०२७, त्यानंतर २०३२. फक्त त्या वर्षात किंताना चौकाकडचं पवित्र दार उघडं असतं. भाविक असाल, आणि त्या दारातून जाणं तुमच्यासाठी मोलाचं असेल, तर जरूर या आणि राहण्याची जागा लवकर धरा. केवळ शिल्पं निवांत पाहायची असतील तर २०२७ चा उन्हाळा सोडा.

१५. गोव्यातल्या चर्चच्या कामाशी याची तुलना करता येईल का? आणि पॅरिसच्या नोत्र दामशी?

पॅरिसशी फारशी नाही. तिथे एप्रिल २०१९ च्या आगीत छत गेलं, ते नव्याने उभारावं लागलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडलं. तो अपघात होता. सांतियागोला थेंबाथेंबाने आलेला आजार होता.

गोव्याशी तुलना जवळची आहे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला. उघडा जांभा दिसायला रुबाबदार, पण सच्छिद्र. तेव्हापासून तो प्रत्येक पावसाळा अंगावर घेतो आहे. गिलावा परत करावा की सवयीचं झालेलं लाल रूप ठेवावं, यावर वाद चालू आहे. मी गिलाव्याच्या बाजूने आहे. पर्यटकाला आवडणाऱ्या रंगापेक्षा दगड कोरडा राहणं महत्त्वाचं, हे सांतियागो पाहिल्यावर मला पक्कं पटलं.

एक वाचक विचारतात की तिथे नासधूस होते का. होते. ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे पोर्तिको खुला झाल्याच्या पुढच्याच महिन्यात, प्लातेरियास बाजूच्या एका मध्ययुगीन मूर्तीच्या चेहऱ्यावर कुणीतरी निळ्या रंगाने रेघोट्या ओढल्या. संवर्धकांनी तो रंग काढला.

१६. आम्ही ख्रिस्ती नाही. आत गेलेलं चालेल का, आणि मग आता हात लावण्यासारखं काही उरलं आहे का?

चालेल. कुणी विचारत नाही. मिस्सेत बसता येतं, फक्त कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद, कॅथलिकांसाठी असतं. त्या वेळी जागेवर थांबायचं.

आणि हो, उरलं आहे. वेदीच्या मागे अरुंद जिना आहे. तो चढलं की वेदीवर बसलेल्या याकोबाच्या मूर्तीची पाठ समोर येते. यात्रेकरू मागून तिला मिठी मारतात. मागे रांग असते, म्हणून चार-पाच सेकंदच मिळतात. २०२२ मध्ये माझ्या पुढे एक उंच मुलगा होता, त्याच्या दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या होत्या. त्याने खांद्यांभोवती हात टाकले, कपाळ मूर्तीच्या मानेला टेकवलं आणि काहीतरी पुटपुटला. मग माझी पाळी आली. धातू गार असेल असं वाटलं होतं. त्याच्या हातांनी तो कोमट झाला होता.